तिसऱ्या फरशीवरचं नाव

तुम्ही कवा स्नुकरचं टेबल उघडं पाह्यलं काय? नसंल पाह्यलं. लोकायले वरतून हिरवं कापड दिसते, रंगीत गोट्या दिसते, अन् वाटते, काय बाप्पा, हा तर भल्ला मोठा कॅरमच हाय. कॅरम कायचा! त्या कापडाखाली पाच दगडी फरश्या असते, एकेक फरशी दोन-दोन क्विंटलची. खाली आठ पाय, पायावर सागाची फ्रेम, फ्रेमवर ह्या फरश्या. अन् त्या अशा बसवा लागते की जोडावरून नख फिरवलं तर नख अडकलं नाही पाह्यजे. हे काम इकडे यवतमाळात आमचंच घर करते. घर म्हणजे माहा नवरा निजामुद्दीन, एक कारागीर, अन् कारागीर दांडी मारते तवा मी.

मी फरहाना. जिभेनं तिखट हाय असं सारे म्हणते. असंन बा. पण कापड ताणायचं काम माह्यासारखं निजामलेही जमत नाही, हे तो स्वतःच्या तोंडानं सांगते.

हे काम घरात आणलं माह्या सासऱ्यानं. आम्ही त्यायले अब्बाजी म्हणो. ते साहेब लोकायच्या क्लबात मार्कर होते, म्हणजे टेबलाची देखभाल करायची अन् खेळणाऱ्यायचे गुण मांडायचे. टेबल खोलणं-बसवणं तिथंच शिकले अन् दोन्ही पोरायले शिकवलं. त्यायचा एक कायदा होता. कापड चढवायच्या आधी तिसऱ्या फरशीवर, अगदी मधोमध, पेन्सिलीनं तीन गोष्टी लिवायच्या. आपलं नाव, तारीख, अन् टेबलात जो काय दोष राह्यला असंल तो. अब्बाजी म्हणे, "गिऱ्हाइकाले आपण सांगतो सारं एक नंबर हाय. पण कापडाखाली खोटं लिवायचं नाही. दहा वर्षांनं जो मिस्त्री हे कापड काढंल त्याले खरं समजलं पाह्यजे." पोरायनं हा कायदा नमाजीसारखा पाळला.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही समजणार नाही. मी या घरात आली ती निजामची बायको म्हणून नाही, त्याच्या मोठ्या भावाची म्हणून. अरसलानची.

दोन हजार चौदाच्या ऑगस्टमध्ये अरसलान हैद्राबादले एक टेबल बसवाले गेला. पुराचे दिवस होते. त्याची ट्रॅव्हल्स एका पुलावरून पाण्यात गेली. अकरा मुडदे सापडले, चार नाही सापडले. त्या चारमध्ये आमचा माणूस. त्याची बॅग तेवढी घरी आली, चिखलानं भरलेली. शबाना तवा चार वर्षांची होती. मौलवीसाहेब म्हणले, मय्यत सापडली नाही, चार वर्षं वाट पाहा. पाह्यली. चार वर्षं मी ना धड सुहागन ना धड बेवा. शेजारच्या बाया मले लग्नात बोलवाव की नाही यावरूनच भांडे. चार वर्षं झाली अन् मी इद्दतीत बसली. नवरा मेलेल्या बाईनं बसायची ती इद्दत, चार महिने दहा दिवस. उंबऱ्याभाईर पाय नाही, हातात बांगडी नाही, रंगीत ओढणी नाही. सासू शमसुन्निसा, आमची अम्मी, माह्या उशाशी बसून कुराण वाचे अन् मी रडो.

इद्दत झाली अन् दोन हजार एकोणीसच्या फेब्रुवारीत अम्मीनंच निजामसंग माहा निकाह लावला. निजाम माहा दीर. दीर होता तवा मी त्याले 'तू' म्हणो, आजही तूच म्हणते, त्याची काही तक्रार नाही. मंग फैज झाला. अन् खरं सांगू? या सहा वर्षांत मी पुन्हा हसाले शिकली. निजाम गरीब स्वभावाचा, आवाज चढवणार नाही, शबानाचं अन् फैजचं कवा दोन नजरेनं केलं नाही. हा संसार माह्या जिवापेक्षा प्यारा होता मले. एकदा बुडालेलं घर वर आलं होतं. ते पुन्हा बुडू नये, एवढंच मी पाचही नमाजीत मागो.

तर आता टेबलाचं.

लोहाऱ्याले, एमआयडीसीच्या पलीकडे, प्रेमसिंग आडे यायनं बंगला बांधला. चौदा ट्रकाचा मालक. "आमचे आजे बैलाच्या पाठीवर मीठ वाहे, मी ट्रकात वाहतो, फरक काहीच नाही," असं म्हणून स्वतःच हसणारा माणूस. जवानीत तो स्वतः ट्रक चालवे. नागपूरले माल खाली होईपर्यंत एका क्लबाच्या खिडकीतून स्नुकरचा खेळ पाहत उभा राहे अन् चौकीदार त्याले हाकले. तवाच त्यानं ठरवलं म्हणे, की एक दिवस हे टेबल आपल्या घरात येईन. आता साठीत आला अन् एका दलालाकडून जुनं टेबल घेतलं. खास त्याच्यासाठी हॉल काढला. त्याची बायको रुपीबाई पहिल्याच भेटीत मले म्हणली, "एवढ्या जागेत माह्या बारा खाटा बसल्या असत्या, बाई. पण यायले गोट्या खेळायच्या हाय म्हातारपणी."

मे महिन्यातला शुक्रवार. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. कारागीर लग्नाले गेलेला, म्हणून मी आली. फ्रेम अन् पाय निजामनं आदल्या दिवशीच उभे केले होते. सकाळी कापूस बाजारातले सहा हमाल फरश्या उचलाले आले. पहिली फरशी बसली, दुसरी बसली. तिसरीवरचं पोतं काढलं अन् निजाम जागच्या जागी थांबला. त्या फरशीचा एक कोपरा उडालेला होता, कवातरी पडली असंल. हमाल फरशी हातात धरून उभे अन् हा नुसता पाह्यते.

"अबे मिस्त्री, हात तुटून राह्यले!" एक हमाल बोंबलला तवा हा भानावर आला.

फरशी बसली. निजाम माह्यापाशी आला अन् हळूच म्हणला, "फरहाना, तू घरी जाय. लय ऊन हाय. ऑटो बोलावतो."

"काहून? सकाळी आणताना ऊन नव्हतं काय? अन् कापड कोण ताणंल, आडेसाहेब?"

"उद्या ताणू."

"उद्या यायचे पाहुणे येऊन राह्यले. संध्याकाळी टेबल द्यायचं कबूल केलं तू. आता कायले रडतं?"

तो हमालायकडे वळला. पाची फरश्या बसल्या, हमाल गेले. निजामनं लेवल लावली, पायाखाली पाचरी ठोकल्या, जोडात पीओपी भरलं. नेहमी काम करताना तो कायतरी गुणगुणते. त्या दिवशी मुका. मी मनात म्हणलं, बसू दे तोंड फुगवून, उन्हानं डोकं फिरलं असंल.

साडेबाराले तो जुम्म्याच्या नमाजीले निघाला. गाडीची किल्ली घेतली, दारापर्यंत गेला अन् मागं फिरला.

"फरश्यायले हात नको लावू. मी आल्यावर घासू दोघं."

"बरं."

बरं म्हणलं मी. पण हात बांधून बसायचा आपला स्वभाव नाही. कूलर लावला, ओढणी कमरेले बांधली अन् टेबलावरून तळहात फिरवाले लागली. माहा तळहातच माही लेवल हाय. पहिला जोड बरोबर. दुसरा बरोबर. अन् तिसऱ्या फरशीवर मधोमध हात अडकला.

पाह्यते तं तिथं पीओपीचा थापा. पसरट, दोन वीत लांब, अजून ओला. आता मले सांगा, जोड तिथून हातभर दूर, मंग इथं पीओपी कायले? तडा नाही, खड्डा नाही. असंच ठेवलं असतं तर कापडाखाली डोंगर उभा राह्यला असता अन् आडेसाहेबाची गोटी मध्येच वळली असती. मले राग आला. वीस वर्षं काम करणारा माणूस असं करते? पत्ती घेतली अन् खरडाले लागली.

पीओपी निघालं तशी खाली पेन्सिल दिसाले लागली. कोण्या जुन्या मिस्त्रीचं लिवणं असंल, असं म्हणून मी ओल्या फडक्यानं पुसलं अन् वाचलं.

"अरसलान, यवतमाळवाला. ९ मार्च २०१६. खिडकीकडच्या पायात केसभर झोल हाय."

मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा तारीखच वाचली. दोन हजार सोळा. माणूस बुडाला दोन हजार चौदात.

पत्ती हातातून पडली.  दुसरा कोणी अरसलान असंल? यवतमाळात अरसलान काय एकच हाय? पण अक्षर! तो 'ल' काढताना शेवटी एक शेपूट वर न्यायचा. माह्या निकाहाच्या आधी त्यानं मले चिठ्ठ्या लिवल्या होत्या, त्या शेपटीवर मी हसो. अन् असा झोल, म्हणजे दोष, लिवायची ही रीत जगात दोनच माणसायले माहीत होती.  मी टेबलाची कड धरली.

जिता हाय. चौदात मेला नाही. निदान सोळापर्यंत जिता होता, हात चांगले चालत होते, टेबल बसवत होता, अन् आम्ही घरी त्याच्या नावानं रडून राह्यलो होतो.

मंग एकदम दुसरी धडकी भरली. तो जिता असंल तर मी कोणाची बायको? निजामसंगचा माहा निकाह? फैज?  तिथंच खाली जमिनीवर बसली, टेबलाच्या पायाले पाठ लावून. रडूही येईना. 

थोड्या वेळानं डोकं चालाले लागलं. हा थापा सकाळी कोणी मारला? निजामनं. म्हणजे सकाळी हमाल फरशी धरून उभे असताना त्यानं हे नाव वाचलं. त्याले आज सकाळी समजलं की भाऊ मेला नाही. अन् त्यानं काय केलं? मले घरी पाठवाले पाह्यलं. नाव झाकलं. मले समजू नये, माहं घर पुन्हा मोडू नये, म्हणून एकट्यानं तो डोंगर छातीवर घेऊन नमाजीले गेला. अल्ला कसम, त्या घडीले मले निजामवर लय माया आली. मी त्याले तोंड फुगवलं म्हणली होती! बिचारा मशिदीत काय मागत असंल?

मी उठली. ठरवलं, आपणही काही पाह्यलं नाही. तो आल्यावर एक शब्द नाही बोलायचा. हा थापा नीट पातळ करायचा, घासून बरोबर करायचा, वरून कापड ताणायचं, पिना ठोकायच्या, इस्त्री फिरवायची. दहा वर्षं कोणी उघडत नाही. दहा वर्षांत फैज पंधराचा होते, शबानाचं लग्न होते. पुढचं पुढं. माणूस मेला म्हणून मी एकदा रडून झाली होती, आता तो जिता हाय म्हणून पुन्हा रडायची माही तयारी नव्हती.

पातळ करायचं तर आधी सारं जुनं काढा लागते. म्हणून मी उरलेला थापाही खरडला. वरची ओळ मोकळी झाली होती. तिच्याखाली अजून पेन्सिल होती.

ते अक्षर ओळखाले मले शेपटी पाहायची गरज पडली नाही. ते मी रोज पाह्यते. किराण्याच्या यादीवर, फैजच्या वहीच्या कव्हरावर.

"निजामुद्दीन. २२ नोव्हेंबर २०१८. झोल काढला, लेवल बरोबर. अरसलानभाई जिंदा हाय, कामठीले राह्यते. भेटून आलो. फरहानाले सांगतलं नाही."

पेन्सिलीनं, शांतपणे, एका ओळीत. अब्बाजीनं शिकवलं तसं.

मले वाटलं मी चुकीचं वाचून राह्यली. बोट ठेवून वाचलं, पोरं वाचते तसं. फरहानाले. सांगतलं. नाही. फरहाना मीच. बावीस नोव्हेंबर. मी मनात महिने मोजले. मी इद्दतीत होती तवा! मी पांढरी ओढणी घेऊन खोलीत बसली होती. एका जित्या माणसाची इद्दत करून राह्यली होती! अन् हा तिथून घरी आला, जेवला, झोपला, अन् तीन महिन्यानं "कबूल हाय" म्हणला.

"अवो, पन्हं आणलं, घ्या." रुपीबाई कवा आत आल्या मले समजलंच नाही. माह्यं तोंड पाह्यलं अन् ग्लास खाली ठेवले. "याडी गं! काय झालं, बाई? घेरी आली काय? बसा, बसा खाली."

"नाही, काही नाही."

त्या फरशीकडे पाह्याले लागल्या. त्यायले वाचता येत नाही, हे त्यायनंच सकाळी सांगतलं होतं. "काय लिवलं हाय वो हे?"

"लेवल बरोबर हाय म्हणे."

"मंग रडता काहून?"

तवा मले समजलं की मी रडून राह्यली. रुपीबाईनं अजून काही विचारलं नाही. पदरानं माह्यं तोंड पुसलं, पन्ह्याचा ग्लास हातात दिला अन् मी पिईपर्यंत उभ्या राह्यल्या. मंग दार लोटून घेऊन गेल्या. देव भलं करो त्या बाईचं.

पाऊण तासानं गाडीचा आवाज आला. निजाम आत आला. डोक्यावर टोपी, अंगाले अत्तर. त्याची नजर आधी माह्याकडे नाही गेली, फरशीवर गेली. पांढरा थापा नाही, दोन ओळी उघड्या. तो दारातच उभा राह्यला. टोपी काढली अन् हातात चुरगळाले लागला.

"वाच," मी म्हणली. "मोठ्यानं वाच. मले बराबर वाचता आलं नाही."

"फरहाना..."

"वाच!"

"ऐक ना माह्यं..."

"कोणाचं ऐकू? तुह्या तोंडाचं की तुह्या पेन्सिलीचं? दगडाले खरं सांगतलं तू. दगडाले! घरात जिती बाई बसली होती, तिले नाही सांगतलं!"

आवाज चढला असंल माहा, पण कूलर जोरात होता. निजाम टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं आला अन् स्टुलावर बसला. सांगाले लागला, पण तुकड्या-तुकड्यानं. हे टेबल तवा अमरावतीच्या एका क्लबात होतं, त्याचं कापड बदलायचं काम होतं. कापड काढलं अन् भावाचं नाव दिसलं. तिथल्या माणसानं पत्ता दिला. दुसऱ्या दिवशी नागपूरजवळ कामठीले गेला, अन् परत येऊन कापड चढवलं.

"ट्रॅव्हल्स चहाले थांबली होती," तो म्हणला. "भाई उतरला अन् गाडी सुटून गेली. बॅग गाडीत. सकाळी टीव्हीवर पाह्यलं की गाडी बुडाली. अन् त्याले वाटलं..."

"काय वाटलं? बोल ना."

"त्याची एक बाई होती कामठीले. आधीपासून. त्याले वाटलं, आता परत जायची गरजच नाही."

  बुडाला म्हणून मी ज्याले चार वर्षं पाण्यात शोधत होती, तो चहा पिऊन राह्यला होता.

"पण आपला निकाह पक्का हाय," निजाम घाईघाईनं म्हणला. "मी त्याच्याकडून तलाकनामा लिवून घेतला. दोन गवाहायच्या सह्या हाय. मौलानाले विचारून केलं सारं. कागद हाय माह्यापाशी. तू हराम नाही, फैज हराम नाही. कुराणाची कसम."

घंटाभराआधी हे ऐकलं असतं तर मी सजदा केला असता. त्याच गोष्टीची तर धडकी भरली होती मले. आता ऐकलं अन् काहीच वाटलं नाही. उलट आग झाली अंगाची.

"म्हणजे माह्या तलाकाचा कागद आला, अन् तो तू ठेवून घेतला? माहा कागद? मी तलाक झालेली बाई होती अन् मले बेवा करून बसवलं तुम्ही?"

"भाई म्हणला, तिले सांगशील तर ती इथं येईन, तमाशा करंन."

"केला असता! काहून नाही करायचा? माह्या हक्काचा तमाशा होता तो! चपलेनं हाणलं असतं त्याले भर चौकात, अन् मंग घरी येऊन माहं मी पाह्यलं असतं. कोणासंग राहायचं, नाही राहायचं, माहं मी ठरवलं असतं. तुहं नावही घेतलं असतं कदाचित. पण मी घेतलं असतं!"

निजामची मान खाली. तो म्हणला, "मले भेव वाटलं. तू त्याच्याकडे गेली असती तर? मले तू पाह्यजे होती, फरहाना. लय आधीपासून."

हीच गोष्ट त्यानं मले दुसऱ्या कोणत्या दिवशी सांगतली असती तर मी लाजून चुलीकडे पळाली असती.

"अन् अम्मी?" मी विचारलं. "ती मरताना त्याचं नाव घेत होती. तीन दिवस. 'माहा अरसलान, माहा अरसलान.' तू तिच्या पायापाशी बसून होता. तिले तरी सांगा लागत होतं ना रे, बयताडा. आईले तरी!"

तो वर पाहीना. टोपीचा पार लगदा झाला होता.

"निजाम?"

"अम्मीले माहीत होतं."

"काय?"

"मी घरी आलो त्याच दिवशी सांगतलं तिले. तिनंच म्हणलं, इद्दत पुरी होऊ दे, कोणाले शंका नको, मंग तू निकाह कर. घराची इज्जत घरात राहीन."

मी टेबलाच्या कडेवर बसली. अम्मी! माह्या उशाशी बसून मेलेल्याच्या नावानं कुराण वाचणारी अम्मी. माह्या डोक्यावरून हात फिरवून "सबर कर बेटा" म्हणणारी. ती मेली तवा मी तिले आंघोळ घातली, या हातायनं. सख्ख्या आईले रडली नाही इतकी रडली तिच्यासाठी. त्या घरात तीन मोठी माणसं होती, अन् त्यात एकट्या मलेच माहीत नव्हतं की मी बेवा नाही. सारे जण माह्या दुःखाभोवती बसून होते, अन् दुःख खोटं होतं हे सोडून मले सारं सांगे.

"शबानाले माहीत हाय?"

"नाही. तिले काहीच माहीत नाही. अल्ला कसम."

"फोन दे."

"काहून?"

"नंबर असंल ना त्याचा? फोन दे इकडे."

"फरहाना, आत्ता नको. लोकाच्या घरात हावो आपण. घरी जाऊन..."

"घरी सहा वर्षं होती मी. तवा बोलला काय?"

मी हात पुढं करून उभी राह्यली. त्यानं खिशातून फोन काढला, उघडला, अन् एक नाव दाखवलं. 'कामठी प्लायवुड.' हाय रे अल्ला! हे नाव तर मी दहादा पाह्यलं होतं. हा फोन आला की निजाम अंगणात जाऊन बोले. प्लायवुडाचं इतकं काय बोलणं असते, म्हणून मी एक-दोनदा त्याची थट्टाही केली होती. निजामच्या कपाळावरून घाम टपटप गळून राह्यला होता, कूलरसमोर.

भाईर आडेसाहेब कोणाले तरी फोनवर सांगून राह्यले होते, "या संध्याकाळी, टेबल तयार होऊन राह्यलं." मी नंबर लावला अन् स्पीकर सुरू करून फोन उघड्या फरशीवर ठेवला. एक घंटी गेली. दोन. तीन. मी दोन्ही हात फरशीवर टेकवले.

फोन उचलला गेला. तोच आवाज. जराही बदलला नव्हता, उलीसा जाड झाला होता तेवढाच. तो बोलला तोही आनंदात, घाईत, रोजच्या माणसासंग बोलते तसा.

"हां निजाम, बोल! लागला काय आपल्या शबानाचा दहावीचा निकाल? किती टक्के पडले पोरीले?"

निजामनं डोळे मिटून घेतले. मी फोनवर वाकली.

"निजाम नाही," मी म्हणली. "तुमची बेवा बोलून राह्यली."